हात बसतो तेव्हा मेंदू काय करतो? झोप आणि सरावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळी गोल यायला लागते, सायकलचा तोल सांभाळला जातो, तबल्यावर ‘तिरकिट’ अडखळेनासं होतं, तेव्हा आपण म्हणतो, हात बसला. तो कोणत्या क्षणी बसला हे मात्र सांगता येत नाही. काल संध्याकाळपर्यंत जमत नव्हतं आणि आज सकाळी जमलं, असा अनुभव अनेकांना असतो. मधल्या रात्रीत काय झालं, हाच या पानाचा विषय.

माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला आणि तिचा उजवा हात गेला, तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे. मी डॉक्टर नाही. वाचताना सॅन फ्रान्सिस्कोच्या करुणेश गांगुली यांच्या प्रयोगशाळेतलं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं, कारण त्यांना हात कसा बसतो आणि गेलेला हात परत कसा येऊ शकतो हे दोन्ही प्रश्न एकत्र पडलेले आहेत. ओळखीतले लोक जे जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

करुणेश गांगुली कोण?

मेंदूविकारतज्ज्ञ आणि मेंदूशास्त्रज्ञ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत आणि तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करतात. त्याआधी बर्कलीला होसे कार्मेना यांच्याबरोबर त्यांनी माकडांवर काम केलं. माकडाच्या मेंदूतल्या काही पेशींचे संदेश तारांनी बाहेर काढायचे आणि त्यावर पडद्यावरचा कर्सर चालवायचा. २००९मध्ये त्यांनी दाखवलं की रोज त्याच पेशी आणि त्याच नियमाने कर्सर चालवू दिला, तर मेंदू या परक्या कर्सरचाही पक्का नकाशा तयार करतो आणि तो दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी टिकून असतो. म्हणजे हाताशिवायही ‘हात बसतो’. एका दिवसाकडून दुसऱ्या दिवसाकडे तो नकाशा कसा पोचतो, या प्रश्नाला झोप टाळून उत्तर देता येत नाही.

झोपेत सराव पक्का होतो, हे आधी कुणी दाखवलं?

२००२ हे साल लक्षात ठेवण्याजोगं आहे. अमेरिकेत मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना डाव्या हाताने ४-१-३-२-४ हा क्रम शक्य तितक्या वेगाने आणि न चुकता टाइप करायला सांगितला. ३० सेकंद टाइप करायचं, ३० सेकंद थांबायचं, असं १२ वेळा. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना यातली कटकट लगेच कळेल: अनामिका ऐकत नाही, करंगळी उशिरा पोचते. सकाळी शिकून त्याच दिवशी संध्याकाळी परीक्षा दिली तर फारसा फरक नव्हता. मध्ये रात्रीची झोप झाली, तर एकही जादा सराव न करता वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला.

त्याच वर्षी जर्मनीत यान बॉर्न यांच्या गटाने अंगठ्याला एकेक बोट ठरावीक क्रमाने टेकवण्याचा प्रयोग केला. त्यांनी रात्री झोपणारे आणि दिवसा झोपणारे असे गटही ठेवले. त्यामुळे फायदा रात्रीचा नसून झोपेचाच आहे हे स्पष्ट झालं. जागं राहण्याच्या तुलनेत झोपेनंतर वेग सुमारे ३३ टक्क्यांनी जास्त आणि चुका सुमारे ३० टक्क्यांनी कमी.

मला यापेक्षाही आवडलेला प्रयोग २००४चा, विस्कॉन्सिन विद्यापीठातला. रेटो ह्यूबर, ज्युलिओ टोनोनी आणि सहकाऱ्यांनी लोकांना पडद्यावरच्या खुणेपर्यंत कर्सर न्यायला दिला. मात्र हाताची दिशा आणि कर्सरची दिशा यांत गुपचूप कोन टाकला, आणि लोक नकळत त्याला सरावले. रात्री डोक्यावर २५६ इलेक्ट्रोडची जाळी लावून पाहिलं, तर या जुळवाजुळवीसाठी वापरलेल्या मेंदूच्या भागात झोपेच्या संथ लहरी आजूबाजूपेक्षा जोरकस होत्या. ज्याच्या लहरी जितक्या वाढल्या, तितका त्याचा हात सकाळी सुधारलेला. २००६मध्ये त्यांनी उलट केलं. लोकांचा एक हात दिवसभर बांधून ठेवला, आणि रात्री त्या हाताची बाजू सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात लहरी कमी झाल्या. दिवसभर जो भाग राबला तोच रात्री जास्त गाढ झोपतो, हे वाचून मी बराच वेळ थांबले होते. आईचा हात तेव्हा महिनाभर उशीवर नुसता पडून होता.

झोपेत मेंदूत नेमकं काय चालू असतं?

रात्रभरात आपण साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीत हलकी झोप, गाढ झोप आणि शेवटी डोळ्यांची बुबुळं झपाट्याने हलणारी ‘रेम’ झोप. हाताच्या कौशल्याच्या दृष्टीने रेम सोडून बाकीची झोप जास्त महत्त्वाची ठरली आहे. तिच्यात तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली संथ आंदोलनं. मेंदूच्या सालीतल्या असंख्य पेशी एकदम गप्प होतात आणि मग एकदम बोलू लागतात, सेकंदाला एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा. दुसरी डेल्टा तरंग. तेही संथच, पण थोडे वेगवान, सेकंदाला १ ते ४. तिसरी स्पिंडल. आलेखावर अर्ध्या सेकंदापासून दोन-तीन सेकंदांपर्यंतचा हा तुकडा मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता दिसतो, चातीवर गुंडाळलेल्या सुतासारखा. नावही त्यावरूनच पडलं. सगळ्यांचं येणंजाणं स्वतंत्र नसतं. संथ आंदोलनाच्या ‘बोलत्या’ टप्प्यावर स्पिंडल नेमका येऊन बसला, तर त्या क्षणी दिवसाचा सराव पुन्हा वाजवला जातो.

‘पुन्हा वाजवला जातो’ म्हणजे काय?

उंदीर धावताना त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंधित असलेल्या मेंदूच्या आतल्या भागात, जागेनुसार वेगवेगळ्या पेशी जाग्या होतात. १९९४मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी दाखवलं की धावताना ज्या पेशी एकत्र बोलत होत्या, त्या नंतरच्या झोपेतही एकत्र बोलतात. तेव्हापासून हा विषय ‘पुनर्वादन’ या अर्थाने ओळखला जातो.

गांगुलींच्या गटाने तो हालचालीच्या भागात, म्हणजे मोटर कॉर्टेक्समध्ये पाहिला. २०१५च्या प्रयोगात उंदीर पुढच्या पंजाने खाद्याची गोळी उचलायला शिकत होते. हे दिसतं तितकं सोपं नाही. पंजा फटीतून बाहेर काढायचा, उघडायचा, गोळीवर नेमका मिटायचा आणि परत आणायचा. झोपेनंतर त्यांचा वेग वाढला आणि अचूकपणा कमी झाला नाही. झोपेत ज्या पेशींचं पुनर्वादन सगळ्यांत नियमित झालं, त्याच पेशी नंतर हालचालीशी सगळ्यांत घट्ट बांधल्या गेल्या. झोप तोडलेल्या उंदरांमध्ये हे काही घडलं नाही.

याच प्रयोगातली एक गोष्ट कमी सांगितली जाते. पुनर्वादन आणि त्यातून येणारा फायदा फक्त शिकण्याच्या सुरुवातीच्या काळात दिसला. हालचाल एकदा स्थिर झाली की तोच सराव करून झोपल्यावर पुनर्वादन दिसेना.

पण झोपेत मेंदूला काय ठेवायचं हे कसं कळतं?

खरा प्रश्न हाच आहे, आणि याचं उत्तर देण्यासाठी रचलेला प्रयोग मला फार देखणा वाटतो.

हाताच्या हालचालीत एक अडचण असते. असंख्य पेशी काम करत असतात, त्यातल्या कुणामुळे हात नीट पोचला हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून तनुज गुलाटी, गांगुली आणि सहकाऱ्यांनी हातच वगळला. उंदराच्या मोटर कॉर्टेक्समधल्या मोजक्या पेशी त्यांनी स्वतः निवडल्या आणि त्यांचे संदेश पाण्याच्या नळीला जोडले. या पेशी योग्य रीतीने बोलल्या की नळी तोंडाकडे फिरते आणि पाणी मिळतं. शेजारच्या पेशींचं बोलणं नोंदलं जातं, पण नळीवर त्यांचा काहीच परिणाम नाही. आता कारण कोण आणि नुसता सोबती कोण, हे संशोधकांना नक्की ठाऊक आहे. उंदराला अर्थातच नाही.

सुरुवातीला उंदीर धडपडतो तेव्हा जोडलेल्या आणि न जोडलेल्या, सगळ्याच पेशींची गडबड वाढते. नवशिक्या माणूस पोळी लाटताना खांदे उचलतो, दात आवळतो, तसंच हे. मग उंदीर झोपतो. २०१४मध्ये या गटाने दाखवलं की त्या संथ लहरींच्या झोपेत कामाशी संबंधित पेशींचा गट पुन्हा जागा होतो. २०१७मध्ये पुढची पायरी आली. झोपून उठल्यावर जोडलेल्या पेशी आपल्या जागी होत्या आणि न जोडलेल्यांचा गोंगाट खाली बसला होता. ज्याचं श्रेय त्याला मिळालं होतं, आणि ते झोपेत.

हे नुसतं योगायोगाने सोबत घडलं का, हेही त्यांनी तपासलं. ऑप्टोजेनेटिक्स नावाच्या तंत्रात चेतापेशींमध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन बसवतात, मग बारीक प्रकाशाने त्या पेशी क्षणभर गप्प करता येतात. संथ लहरींच्या नेमक्या बोलत्या टप्प्यात असं गप्प केलं, तर उंदीर झोपलेला राहिला, पण निवड झाली नाही आणि सकाळची सुधारणाही आली नाही.

म्हणजे जितकी गाढ झोप तितकं चांगलं?

२०१९पर्यंत मीही असंच समजत होते. त्या वर्षी जेक्यूंग किम, गुलाटी आणि गांगुली यांचा निबंध आला आणि गोष्ट उलगडली.

संथ आंदोलनं आणि डेल्टा तरंग ही दोन्ही गाढ झोपेचीच लक्षणं, आणि अनेक अभ्यासांत ती एकाच खात्यात टाकली जात होती. या गटाने त्यांना वेगळं काढलं. संगणक झोपलेल्या उंदराच्या लहरी त्या त्या क्षणी वाचतो, आणि हवी ती लहर आली की प्रकाश टाकून तेवढीच बिघडवतो. संथ आंदोलनं बिघडवली, तर उंदीर दिवसभराचं शिकलेलं विसरला. डेल्टा तरंग बिघडवले, तर उलट शिकलेलं जास्त चांगलं टिकलं.

एकाच झोपेत, काही क्षणांच्या अंतराने, मेंदू एका लहरीने जपतो आणि दुसरीने पुसतो. दोन्हींचं पारडं ज्या बाजूला झुकेल त्यावर सकाळी हातात काय उरेल ते ठरतं.

विसरणं ही मेंदूची खराबी आहे, अशी आपली पक्की समजूत असते. या निकालात विसरणं हे कामच आहे. ज्वारीच्या ओळीत दाट उगवलेली रोपं विरळल्याशिवाय कणीस भरत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. टोनोनी आणि कियारा चिरेली यांनी २००३मध्येच मांडलं होतं की दिवसभर शिकून पेशींमधले जोड वाढत जातात आणि झोप ते परत आवरते. २०१७मध्ये त्यांनी उंदरांच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय बारीक काप पाहिले, तेव्हा झोपेनंतर जोडांचा आकार सरासरी १८ टक्क्यांनी लहान झालेला होता. सगळ्यांत मोठे जोड मात्र तसेच राहिले होते. गांगुलींच्या गटाने वेगळ्या वाटेने जाऊन त्याच आवराआवरीचा एक हात पकडला, असं मला वाटतं.

हिप्पोकॅम्पसचा हाताच्या कौशल्याशी काय संबंध? तो तर प्रसंग आणि नावं लक्षात ठेवतो ना?

पाठ्यपुस्तकात असंच शिकवलं जातं, आणि त्याला सबळ कारण आहे. हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस १९५३मध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढला गेला. त्यांना नवे प्रसंग आठवेनात. पण कॅनडाच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा ते दिवसेंदिवस सुधारत गेले. रोज मात्र त्यांना वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतोय. त्यावरून ठरलं की हाताच्या शिकण्याला हिप्पोकॅम्पस लागत नाही.

२०२३मध्ये किम, गांगुली आणि सहकाऱ्यांनी या चित्राला मोठी पुरवणी जोडली. उंदीर नवं कौशल्य शिकत असताना झोपेत हिप्पोकॅम्पस आणि मोटर कॉर्टेक्स यांची लय जुळते. त्या काळात शिकणं वेगाने होतं आणि मोटर कॉर्टेक्स निरनिराळ्या रीती चाचपत असतो. मग काम स्थिर होतं, तेव्हा मेंदूचा पुढचा भाग आणि मोटर कॉर्टेक्स यांची झोपेतली जुळणी एकदम वाढते, आणि त्यापाठोपाठ हिप्पोकॅम्पस बाजूला होतो. प्रत्येक उंदरात हे वळण असं स्पष्ट दिसलं. कौशल्य पक्कं झाल्यावर कामाच्या अटी थोड्या बदलल्या, तर हिप्पोकॅम्पस पुन्हा कामाला लागला.

माणसांमध्ये असं पुनर्वादन कुणी पाहिलं आहे का?

हो. हातपाय न हलवू शकणाऱ्या एका व्यक्तीच्या मोटर कॉर्टेक्समध्ये ‘ब्रेनगेट’ या प्रकल्पात इलेक्ट्रोड बसवले होते. त्यांनी नुसत्या विचाराने कर्सर हलवून, दिव्यांचा क्रम लक्षात ठेवण्याचा एक खेळ खेळला आणि नंतर आपल्या घरी झोपले. रात्री त्या खेळाचे नमुने गाढ झोपेत पुन्हा उमटले. डॅनियल रुबिन आणि सहकाऱ्यांनी हे २०२२मध्ये प्रसिद्ध केलं. एकाच माणसाची गोष्ट आहे, पण उंदीर ते माणूस हा पूल त्यामुळे बांधला गेला.

स्वप्नात तबला वाजवला तर उपयोग होतो का?

या पुनर्वादनाला स्वप्न लागत नाही. ते बहुतेक स्वप्नं कमी असलेल्या गाढ झोपेत चालतं आणि सकाळी त्याची आठवण नसते. झोपेत कानाशी बोल लावून ठेवून तबल्याचा नवा कायदा, म्हणजे बोलांची नवी रचना, हातात येईल, ही आशाही सोडून द्यावी. आधी जागेपणी हात लावावा लागतो.

वामकुक्षी पुरते का?

काही प्रमाणात. मासामी निशिदा आणि वॉकर यांनी २००७मध्ये बोटांच्याच कामावर दुपारच्या झोपेचा अभ्यास केला. झोपलेल्यांचा हात सुधारला, आणि सराव केलेल्या हाताच्या भागातल्या स्पिंडलच्या वाढीशी त्या सुधारणेचा मेळ बसला. पण जेवणानंतर पंधरा मिनिटं खुर्चीत डोळे मिटणं आणि तासभर खरी झोप लागणं यांत फरक आहे, हे विसरू नये.

हे सगळ्या शास्त्रज्ञांना मान्य आहे का?

नाही, आणि ते इथे लिहिलं नाही तर हे पान अपुरं राहील.

सॅन डिएगोचे टिमोथी रिकार्ड यांनी २००८मध्ये दाखवलं की बोटांच्या प्रयोगांतली ‘झोपेतली वाढ’ काही अंशी मोजण्याच्या पद्धतीतून येते. सलग सरावाने शेवटी हात थकलेला असतो, म्हणून आदल्या दिवशीचा शेवटचा आकडा खऱ्या कौशल्यापेक्षा कमी येतो. सकाळी ताज्या हाताने मोजलं की वाढ झाल्यासारखी दिसते. ही गोष्ट वजा केली, तर झोप कौशल्य वाढवते म्हणण्यापेक्षा ते टिकवून धरते, असं म्हणणं जास्त योग्य ठरतं. २०१५च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातही हाच सूर होता.

मला रिकार्ड यांचा आक्षेप वजनदार वाटतो. ‘झोपा आणि २० टक्के सुधारा’ असं कुणी छापत असेल तर ते खरं नाही. पण गांगुलींच्या लहरी बिघडवण्याच्या २०१९च्या प्रयोगावर तो तसा लागू होत नाही, कारण तिथे दोन्ही गट झोपले होते, थकवा सारखाच निवला होता, आणि फरक फक्त कोणती लहर बिघडवली एवढाच होता.

खेळाडूंबद्दलही असाच सावधपणा हवा. स्टॅनफर्डच्या ११ बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं, आणि त्यांचे नेम ९ टक्क्यांनी सुधारले, हा २०११चा अभ्यास सगळीकडे फिरतो. त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता.

सरावाच्या मध्ये थोडं थांबलं तरी फायदा होतो, हे खरं का?

हो, आणि याचे आकडे थक्क करणारे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिओनार्डो कोहेन यांच्या गटाने तोच ४-१-३-२-४ क्रम वापरला, फक्त दहा सेकंद टायपिंग आणि दहा सेकंद थांबणं. सुरुवातीची जवळजवळ सगळी सुधारणा त्या थांबण्यात झाली. २०२१मध्ये त्यांना दिसलं की थांबलेल्या हातामागे मेंदू तो क्रम सुमारे २० पट वेगाने पुन्हा पुन्हा वाजवत असतो. म्हणजे जागेपणीही पुनर्वादन असतं. नवा पलटा शिकवताना दोन आवर्तनं झाली की विद्यार्थ्याला क्षणभर गप्प बसू द्यावं, असं मी संगीत शिकवणाऱ्या मैत्रिणीला सांगितलं. तिच्या गुरूंची तीच सवय होती, असं ती म्हणाली.

उद्या टायपिंगची परीक्षा आहे. रात्र जागून सराव करू का?

नको. २०१४मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात वेनबियाओ गान यांच्या गटाने फिरत्या दांड्यावर चालायला शिकलेल्या उंदरांच्या मेंदूत डोकावून पाहिलं. शिकल्यावर पेशींच्या ठरावीक फांद्यांवर नवे अंकुर फुटतात. झोपू न दिलेल्या उंदरांत ते कमी फुटले, आणि नंतर जास्तीचा सराव करूनही ती कसर भरून निघाली नाही.

सकाळी उठल्यावर हात उलट बिघडल्यासारखा वाटतो. असं का?

माणसांबद्दल याचं एकच एक उत्तर नाही. पक्ष्यांमधली एक नोंद मात्र मनात राहते. झेब्रा फिंचची पिल्लं बापाकडून गाणं शिकतात. २००५मध्ये दिसलं की रात्रीच्या झोपेनंतर सकाळी त्यांचं गाणं आदल्या संध्याकाळपेक्षा ओबडधोबड असतं आणि दिवसभरात पुन्हा घडतं. ज्या पिल्लांचं गाणं सकाळी जास्त बिघडायचं, त्यांची नक्कल शेवटी जास्त हुबेहूब उतरली.

पक्षाघातानंतरच्या व्यायामाशी या सगळ्याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. मोटर कॉर्टेक्सचा एक भाग मेला की उरलेल्या भागाला तीच हालचाल नव्याने शिकावी लागते. चमचा धरायला आईला पुन्हा शिकावं लागलं, वयाच्या सत्तराव्या वर्षी, पहिल्यांदाच शिकावं तसं.

२०२२मध्ये किम आणि गांगुलींच्या गटाने पक्षाघात झालेल्या उंदरांची झोप तपासली. दुखापतीजवळच्या भागात पारडं डेल्टा तरंगांकडे झुकलं होतं आणि संथ आंदोलन-स्पिंडल यांची जुळणी विसकटली होती. म्हणजे पुसणं जोरात आणि जपणं कमजोर. पंजा जसजसा सुधारला तसतशी ही जुळणी परत आली. मग त्यांनी मेंदूतल्या पेशींना शांत ठेवणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा एक विशिष्ट, सतत चालणारा दाब औषधाने कमी केला, तेव्हा जुळणी लवकर सावरली आणि सुधारणाही लवकर आली.

हे उंदरांमधलं आहे. माणसांसाठी असा उपचार आज दवाखान्यात मिळत नाही, त्यामुळे कुणी विकत असेल तर घेऊ नका. पण एक गोष्ट आजच करता येते. आई वॉर्डात होती तेव्हा रात्रभर दिवा असायचा, दर थोड्या वेळाने रक्तदाब घ्यायला उठवायचे, पहाटे चारला रक्त काढायचे. सकाळी दहाला फिजिओथेरपिस्ट यायचे आणि ती पेंगत असायची. पहिल्या दिवसांत तपासण्या गरजेच्या असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण धोका टळल्यावरही तेच चालू राहिलं, आणि ते बदला असं म्हणायला हवं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुमचं माणूस आत असेल तर नक्की विचारा: रात्रीची ही तपासणी पुढे ढकलता येईल का, दिवा मालवता येईल का, घोरणं फार आहे तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करायची का.

मग झोपेची गोळी द्यावी का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. प्रचलित गोळ्यांपैकी अनेक गाबाचाच परिणाम वाढवतात, आणि बेन्झोडायझेपिन गटातल्या औषधांनी गाढ झोपेतल्या संथ लहरी कमी होतात. डोळे मिटले म्हणजे मेंदूत हवी ती झोप लागली असं होत नाही. आधीपासून चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नये.

या संशोधनातून रुग्णांच्या हाती आजवर काय आलं?

गांगुलींच्या प्रयोगशाळेतली दुसरी वाट इथे येऊन मिळते. अनेक वर्षांपूर्वीच्या पक्षाघाताने बोलू आणि हलू न शकणाऱ्या एका माणसाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर त्यांनी संवेदकांची पट्टी बसवली. तो आपला हात हलवण्याची कल्पना करायचा आणि संगणक त्यावरून रोबोचा हात हलवायचा. निखिलेश नटराज यांच्यासह त्यांनी २०२५मध्ये लिहिलं की त्या काल्पनिक हालचालीचा मेंदूतला आकार तसाच राहतो, पण त्याची जागा रोज किंचित सरकते. आजवरची यंत्रं एक-दोन दिवसांत हुकायची ती यामुळे. या सरकण्याचा हिशेब संगणकाला शिकवल्यावर तीच यंत्रणा किरकोळ जुळवणीवर सात महिने चालली.

त्या माणसाने रोबोच्या हाताने ठोकळे उचलले, फिरवले, दुसरीकडे ठेवले. मग कपाटाचं दार उघडलं, आतून पेला काढला आणि पाण्याच्या यंत्राखाली धरला.